गिऱ्हाइकाची घोडी

३ जून

मामा,

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही. विचारलं की तू 'ठणठणीत' एवढा एकच शब्द लिहितोस आणि विषय बदलतोस. म्हणून सरळ माझं रडगाणं सुरू करते.

मी नापास झाले. सगळ्यात नाही, फक्त जनावरांच्या शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत. आमच्या मॅडमना सगळं कॉलेज 'कवटी' म्हणतं. त्या कधी हसत नाहीत आणि समोरच्यालाही हसू देत नाहीत. त्यांनी घोड्याच्या धडाचं चित्र पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "श्वास बाहेर सोडताना कुठले स्नायू कामाला लागतात?" माझ्या डोक्यात त्या वेळी नुसता भुसा. मी म्हटलं, "सगळेच, मॅडम." त्या म्हणाल्या, "शेपटीचेसुद्धा?" दाराशी उभी असलेली मुलं फिदीफिदी हसली आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता ऑगस्टमध्ये एक संधी आहे. ती हुकली की वर्ष गेलं. अडचण अशी आहे की घोड्याच्या पोटाची भिंत म्हणजे एक थर नाही, चार थर आहेत. एकावर एक, आणि प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेला. बरगड्यांमधल्या स्नायूंचंही तेच. पुस्तक उघडं असलं की मला सगळं कळतं. पुस्तक मिटलं की सगळे थर एकमेकांत गुंततात आणि माझ्या हातात घोड्याऐवजी गुंता उरतो. तू जन्मभर गाद्या आणि सोफे केलेस. एवढे थर तू कसे लक्षात ठेवतोस?

आणि हो, तू फोन का घेत नाहीस? मामी म्हणते तू दुकानात आहेस, आणि तिच्या मागून तुझा खोकला ऐकू येतो. माझ्यावर रागावलायस का?

तुझी नापास,
भिंगरी


९ जून

चि. भिंगरीला मामाचा आशीर्वाद, आणि एक टपली.

ठणठणीत. आता विषय बदलतो.

फोनचं म्हणशील तर रागबिग काही नाही. तुझी मामी फोनपाशी कान लावून उभी राहते आणि मी एक वाक्य बोललो की ती मधेच चार सांगते. पत्रात ती शिरत नाही. शिवाय पत्र लिहिताना माणूस पाहिजे तेव्हा थांबू शकतो, कुणाला कळत नाही.

नापास झालीस याचं एवढं काय घेऊन बसलीस? मी नववीत गणितात असा आपटलो की तुझ्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दाभण दिलं. शेपटीबद्दलचं तुझं उत्तर मला तरी पटलं. जीव तोडून श्वास सोडायचा तर शेपटीनेही हातभार लावायला काय हरकत आहे?

थरांचं मात्र तू माझ्याच गल्लीत आणून सोडलंस. अगं, सोफा म्हणजे दुसरं काय? खाली पट्टे उभे-आडवे विणायचे, वर गोणपाट, वर काथ्या, वर कापूस, मग खोळ. डोक्याने लक्षात ठेवायला गेलं तर राहत नाही, हाताने केलं की विसरत नाही. तू एक काम कर. प्रत्येक थर कुठून कुठे जातो आणि त्याचे धागे कुठल्या दिशेला, ते मला सरळ शब्दांत लिहून पाठव. माझ्याकडे गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड ढीगभर आहे. मी तुला घोडा शिवून देतो. पट्टे म्हणजे धागे. जिकडे स्नायू जातो तिकडे पट्टा जाईल. थर बटणांनी सुटे करता येतील. हात फिरवलास की झालं.

ता. क. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे घोडी आहे. वयस्कर आहे, पण अंगापिंडाने चांगली. तिला हल्ली धाप लागते. श्वास आत जातो, बाहेर यायला मात्र खळखळ करतो. तुला सहज काही माहीत असेल तर कळव. गिऱ्हाईक बिचारं काळजीत आहे. मामीला यातलं काही बोलू नकोस, तिला जनावरांचं दुःख सहन होत नाही.

मामा


१५ जून

मामा,

तू देव आहेस! मी तुझं पत्र उशाशी घेऊन झोपले.

धाग्यांच्या दिशा लिहिते. घोडा तुझ्यासमोर आडवा उभा आहे असं समज. पोटाचा सगळ्यात बाहेरचा थर, 'बाहेरचा तिरपा': पुढून वरून निघतो आणि मागे खाली जातो. त्याच्या आत 'आतला तिरपा': याचं बरोबर उलटं, मागून वरून पुढे खाली. त्याच्या आत 'आडवा': सरळ वरून खाली, जसा पट्टा कमरेभोवती आवळावा. आणि तळाशी 'सरळ': छातीपासून मागपर्यंत लांब. बरगड्यांमधल्या दोन थरांनाही हाच नियम, बाहेरचे मागे उतरतात, आतले पुढे उतरतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल, म्हणजे घुमटासारखा ताणलेला पडदा. सगळ्यावरून कातडीखाली एक पातळ स्नायू पसरलेला असतो, तो फक्त माशी बसली की कातडी थरथरवायला. हा आपल्याला नाही. मॅडमना असावा, कारण मी समोर उभी राहिले की त्यांच्या गालावर काहीतरी हलतं.

आता घोडीचं. मामा, तू माझ्या आयुष्यातला पहिला रोगी पाठवलास! मी वाचनालयात तीन जाडजूड पुस्तकं काढून बसले. श्वास घेणं हे काम आहे, पडदा ओढावा लागतो. सोडणं मात्र फुकटचं असतं, सैल सोडलं की हवा आपोआप बाहेर. पण धुळीने नळ्या आकसल्या की हवा आत अडकते. मग सोडतानाच जोर लावावा लागतो, आणि तो लावतात पोटाचे स्नायू. म्हणजे घोडी पोटाने श्वास ढकलते आहे. कारण बहुतेक धुळकट चारा आणि कोंदट तबेला.

गिऱ्हाइकाला सांग: चारा कोरडा अजिबात द्यायचा नाही, भिजवूनच द्यायचा. घोडीला जास्तीत जास्त वेळ उघड्यावर ठेवायचं. तबेला झाडताना ती आत नको. आणि चारा उंचावर टांगायचा नाही, जमिनीवर ठेवायचा, म्हणजे खाताना मान खाली राहते आणि छातीतला चिकटा बाहेर यायला मदत होते. तिच्या कुशीवर, बरगड्यांच्या कडेने, एक रेघ उमटलीय का ते बघायला सांग. फार दिवस पोटाने श्वास ढकलला की तो बाहेरचा तिरपा स्नायू फुगतो आणि तशी रेघ दिसते.

हे सगळं मी पुस्तकातून सांगते आहे, तेव्हा खरा डॉक्टर दाखवायला हवाच. पण माझा पहिला रोगी! किती वयाची आहे ती?

भिंगरी


२ जुलै

चि. भिंगरी,

उशीर झाला. दुकानात काम फार. कारागीर सुट्टीवर.

घोडा आज पार्सलने टाकला. आता एक गोष्ट नीट वाच, नाहीतर घाबरशील. खोळ आम्ही नेहमी उलटी शिवतो, शिवण आत राहावी म्हणून. मग हात घालून सुलटी करतो. घोडाही तसाच शिवलाय. तो सुलटा करायचा मी तुझ्यासाठी ठेवलाय. मुद्दाम. त्यामुळे आत्ता तुझ्या घोड्याचं श्वासपटल बाहेर आणि कातडी आत आहे. तोंडाच्या बाजूने हात घाल, शेपूट धर आणि ओढ. मग कापूस भर. कापूस वेगळ्या पिशवीत दिलाय, भिजवून पिंजलाय, धूळ नाही.

घोडीला तुझं औषध लागू पडतंय. भिजवलेला चारा तिला आवडत नाही, पण खाते. उघड्यावर झोपवली की पहाटे बरं वाटतं. जमिनीवर ताट, म्हणजे चारा, ठेवून मान खाली घालून खाणं जरा अवघड जातं, गुडघे दुखतात. पण करते. जिना चढून आली की मात्र पाच मिनिटं काही बोलत नाही.

वय विचारलंस. साठीच्या अलीकडे.

मामा


१० जुलै

मामा!

घोडा आला. काय सांगू तुला! मी खोका उघडला आणि माझी खोलीतली मैत्रीण किंचाळून पलंगावर चढली. पुढ्यात आतडं बाहेर आल्यासारखा तो पट्ट्यापट्ट्यांचा ऐवज. मी तोंडातून हात घातला, खांद्यापर्यंत आत गेला, शेपूट सापडली, आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी ओढत बसलो. घोडा एकदम सुटला तशी मी टेबलावर आणि ती दारात. त्याच वेळी वसतिगृहाच्या बाई राउंडला आलेल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या घोड्याच्या शेपटीकडे, आणि दार ओढून घेऊन निघून गेल्या.

पण कसला शिवलायस! पोटाचं बटण काढलं की तिरपे पट्टे, त्याखाली उलट तिरपे, त्याखाली उभे. पुढचे पाय धडाला नुसत्या पट्ट्यांच्या झोळीने लटकवलेस हे तर कमाल. खऱ्या घोड्यातही तसंच असतं. त्याला आपल्यासारखं गळ्याचं हाडच नसतं, सगळं धड दोन्ही पायांमध्ये करवती स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. हे मी तुला लिहिलंच नव्हतं! तू ते कसं केलंस? मैत्रीण म्हणते तुला पाय कुठे शिवायचे ते सुचलं नसेल म्हणून तू पट्टे लावून मोकळा झालास. खरं काय ते सांगू नकोस.

मला सगळं पाठ झालं. डोळे मिटून हात फिरवते आणि धागे कुठे जातात ते सांगते.

आता घोडीबद्दल. साठीच्या अलीकडे? मामा, घोडं तिशी गाठलं तरी लोक बघायला येतात. गिऱ्हाइकाने जन्मतारीख चुकवली असणार, किंवा तू 'सोळा' लिहायला गेलास. सोळाच धरते. जिना चढवून आणायची काय हौस? तबेला वरच्या मजल्यावर आहे का? गिऱ्हाईक विक्षिप्त दिसतं. असो, तिला चढ नकोच. रेघ दिसली का? आणि कशी उभी राहिली की तिला बरं वाटतं, ते नीट बघून कळव. परीक्षेत अशा रोग्याबद्दल सांगितलं तर मॅडम खूश होतील.

भिंगरी


२४ जुलै

चि. भिंगरी,

रेघ दिसत नाही. पोट सुटलंय, त्यामुळे आतल्या स्नायूचं काही कळायला मार्ग नाही. त्याची बायको म्हणते की रेघ नाही, वळ्या आहेत. त्याची म्हणजे गिऱ्हाइकाची.

टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, पुढे वाकून बसली की तिला बरं वाटतं. झोपताना तीन उशा लागतात. हसली की खोकला येतो, म्हणून हल्ली हसत नाही.

घोडा तू सुलटा केलास हे वाचून बरं वाटलं. पायांचं विचारू नकोस. कारागिरी म्हण.

परीक्षेला घाबरू नकोस. कवटी असली तरी आत मेंदू असणारच.

हात दुखतोय, म्हणून एवढंच.

मामा


३ ऑगस्ट

भिंगरे,

मी मामी. तुझ्या मामाला न सांगता लिहिते आहे. तू त्याला काय औषध सांगितलंस ते मला आत्ताच्या आत्ता कळव, कारण माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

गेले काही आठवडे हा माणूस ताट जमिनीवर ठेवतो आणि मान खाली घालून जेवतो. काय झालं विचारलं तर म्हणतो, "भिंगरीने सांगितलंय." टोस्ट भिजवतो, बिस्किट भिजवतो, परवा पापड पाण्यात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. घरात मी झाडू हातात घेतला की हा चपला घालून रस्त्यावर. गादी उचलून गॅलरीत नेली आहे. शेजारचे विचारतात, भांडण झालं का? मी तरी काय सांगू? शर्ट वर करून आरशापुढे उभा राहतो आणि मला म्हणतो, "बघ गं, कुशीला रेघ दिसते का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, याने कधी साध्या मुंडावळ्या आरशात पाहिल्या नसतील!

मला वाटलं म्हातारचळ लागला. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दुकानातलं मशीन बंद असतं. हा आत बसून नुसता टेबलावर हात टेकून असतो आणि मी आले की कात्री वाजवतो. मी कात्री ओळखत नाही का? रिकामी कात्री वेगळी वाजते. डॉक्टरचं नाव काढलं की चिडतो. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतो. खरं काय ते मला लिही. मला याची फार काळजी वाटते गं.

मामी


६ ऑगस्ट

मामा,

आज परीक्षा झाली. झाली म्हणजे अर्धी झाली. कशी झाली ते शेवटपर्यंत वाच आणि मधे विषय बदलू नकोस.

मी घोडा काखेत घेऊन गेले. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. तोच प्रश्न विचारला, श्वास सोडताना कुठले स्नायू. मी घडाघडा बोलायला लागले. साधा श्वास असेल तर फारसं कुणी नाही, जोराचा असेल तर आतले बरगडीस्नायू आणि पोटाचे चार. पट्टे, दिशा, सगळं. त्यांच्या गालावरचं हलणं थांबलं. म्हणाल्या, "प्रत्यक्ष असा रोगी पाहिलायस का?" मला अशी संधी हवीच होती. मी म्हटलं, पाहिला नाही, पण पत्रातून उपचार करते आहे. एक वयस्कर घोडी. धुळीच्या जागी राहते. तिला श्वास घ्यायला नाही, सोडायला त्रास होतो.

"कशी उभी राहिली की तिला आराम पडतो?"

मी छाती फुगवून म्हटलं, "टेबलावर दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकते, मॅडम. त्यामुळे पुढचे पाय स्थिर होतात आणि करवती स्नायू उलट्या बाजूने बरगड्या ओढू शकतात."

मॅडमनी चष्मा काढला. "कुठल्या टेबलावर?"

मामा, उत्तर द्यायला मी तुझी पत्रं मनात पुन्हा वाचायला लागले. टेबल. जिना. तीन उशा. साठीच्या अलीकडे. हसली की खोकते म्हणून हसत नाही. कापूस भिजवून पिंजलाय, धूळ नाही. सगळं एका पाठोपाठ एक समोर उभं राहिलं. घोडा सुलटा करायचा तू माझ्यासाठी 'मुद्दाम' ठेवला नव्हतास. तुझ्यात ओढायचं बळ नव्हतं. मी पोटाचे चार थर पाठ करत बसले आणि माझा स्वतःचा मामा मला दिसला नाही. मी तिथेच रडायला लागले, घोड्याला पोटाशी धरून, आणि म्हटलं, "ती घोडी नाही मॅडम, माझा मामा आहे."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे. जनावर चुकलं आहे. जा, फोन कर. उरलेली परीक्षा उद्या."

मी पळत जाऊन फोन केला. आणि तू उचललास! इतक्या दिवसांत पहिल्यांदा! माझा आवाज ऐकून तू काय म्हणालास? "राँग नंबर." मामा, तुझा 'राँग' आणि 'नंबर' यांच्यामध्ये एक अख्खा श्वास होता. तो मी ऐकला.

खोलीवर आले तर मामीचं पत्र येऊन पडलेलं. पापड भिजवून खाल्लास तू. माझ्यामुळे. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

आता ऐक. मला माणसावर उपचार करायचा परवाना नाही. जनावरांवर करायचाही अजून नाही. घोडीला मी चांगल्या डॉक्टरकडे पाठवते आहे, माणसांच्या, छातीच्या. मामीबरोबर जायचं. तू गेला नाहीस तर मी येते. येताना कॉलेजातून दावं आणि तोंडाला बांधायची मोहरकी घेऊन येते, आणि तुला भर रस्त्यातून चालवत नेते. आमच्याकडे अडेल घोड्याला न्यायची रीत शिकवतात आणि त्या विषयात मी पहिली आले होते.

मला तू हवा आहेस, मामा. मोठ्याने हसणारा.

भिंगरी


१० ऑगस्ट

चि. भिंगरी,

घोडी गिऱ्हाइकाने विकली. विषय संपला.

मामा

(त्याच कागदावर खाली, वेगळ्या अक्षरात:)

भिंगरे, विषय संपलेला नाही. तुझं पत्र मी वाचलं. मग याच्याकडून सगळं वदवून घेतलं, तेव्हा 'गिऱ्हाइकाची बायको' म्हणजे मी हेही कळलं. याने लिहिलं ते पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, चिकटव. मी चिकटवलं नाही, त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, नीट लिही. म्हणून मागच्या बाजूला बघ. मामी.

(कागदाच्या मागच्या बाजूला:)

तुझी मामी समोर बसली आहे. ऐकणार नाही.

मला भीती वाटते, भिंगरे. झालं, लिहिलं. श्वास अडकला की असं वाटतं की कुणीतरी खोळीत भरून तोंड शिवलंय. पण त्याहून जास्त भीती डॉक्टरची. तो पहिलं काय सांगणार ते मला ठाऊक आहे. कापूस सोडा. तुझ्या आजोबांचं दुकान, त्यांचं मशीन. कापूस सोडला तर मी कोण? सकाळी उठून कुठे जाऊ? घोडीबद्दल विचारलं की तू किती मनापासून लिहायचीस. मला वाटलं, घोडी म्हणूनच बरा झालो तर कुणाला कळायचंही नाही.

तुझी परीक्षा माझ्यामुळे मोडली का? ते आधी कळव. मग जातो.

मामा


१३ ऑगस्ट

मामा,

पास! दुसऱ्या दिवशी मॅडमनी फक्त एकच प्रश्न विचारला, "मामांना डॉक्टरकडे नेलं का?" मी म्हटलं, नेणार आहेत. त्या म्हणाल्या, "मग उत्तर अपुरं आहे. पण बाकीचं पुरेसं आहे." आणि गुण दिले. आता माझा निकाल लागला, तुझा लागायचा आहे. सबबी संपल्या. ऊठ.

आणखी एक. मॅडमनी घोडा ठेवून घेतला. परत मागितला तर म्हणाल्या, विद्यार्थ्यांना धाग्यांची दिशा कळत नाही, पुतळ्यांवर सगळं रंगवलेलं असतं, हात फिरवून काही लागत नाही. त्यांना गाय हवी आहे. मग कुत्रा. "सांग तुझ्या मामांना, कापूस नको, कापडाचे तुकडे भरा. आणि या वेळी कातडी बाहेर असू दे." हे म्हणताना त्या हसल्या. खरंच! सगळ्या कॉलेजला सांगितलं, कुणाचा विश्वास बसत नाही.

कापूस सोडलास तर तू कोण, असं विचारलंस ना? गायीची मापं सोबत पाठवते आहे.

भिंगरी


१२ सप्टेंबर

चि. भिंगरी,

डॉक्टरकडे गेलो. सविस्तर लिहितो, कारण मामीने तुला फोनवर आपल्या बाजूने मीठ-मसाला लावून सांगितलं असणार.

डॉक्टर तरुण आहे, हसरा आहे. छातीला नळी लावली, नळकांड्यात फुंकायला लावलं. मी फुंकलं तर काटा जागचा हलायला तयार नाही, माझ्यासारखाच अडेल. मग विचारलं, "आतापर्यंत कुणाचं औषध चालू होतं?" मी मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "गुरांच्या डॉक्टरचं. तीही अजून झालेली नाही." त्याने काय काय करत होतात ते विचारलं. मी सांगितलं. उघड्यावर झोपणं, धूळ झटकताना बाहेर जाणं इथपर्यंत तो मान हलवत होता. जमिनीवरच्या ताटाशी आल्यावर त्याने पेन खाली ठेवलं आणि तोंडावर रुमाल धरला. म्हणाला, "धुळीपासून लांब राहिलात म्हणून इथवर चालत आलात. पण पापड भिजवायची गरज नव्हती." एवढे दिवस भिजवून खाल्ले त्याची भरपाई कोण करणार, ते तू बघ.

पूर्ण बरं होणार नाही म्हणाला, पण सांभाळता येईल. फवारा दिलाय, सकाळ-संध्याकाळ तोंडात मारायचा. कापूस बंद. हे ऐकताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मशीन झाकून ठेवलं त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. मामी येऊन शेजारी बसली. काही बोलली नाही. तिच्यासाठी हे केवढं अवघड असतं ते तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून गाय बेतायला घेतली. तुझ्या कवटीबाईंना सांग की गायीला बरगड्या तेराच आहेत, घोड्याला अठरा लावल्या होत्या, ते ध्यानात आहे. श्वासपटलाला या वेळी गोट लावलाय, कड सुटायची नाही. आणि गाय काल मी स्वतः सुलटी केली. तोंडातून हात घातला, शेपूट धरली आणि एका झटक्यात ओढली. मामीने टाळ्या वाजवल्या आणि मी मोठ्याने हसलो, पोट धरून, तिरपे-आडवे सगळे थर हलवून, आणि खोकला आला नाही.

हे वरचं लांबलचक वाक्य मी लिहून झाल्यावर मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. एका दमात.

म्हणून आता पत्रं पुरेत. रविवारी फोन कर, मीच उचलणार आहे. बोलताना मधेच थांबलो तर घाबरू नकोस. तो श्वास नसेल. मामीने फोन हिसकावला असेल.

ठणठणीत,
गिऱ्हाइकाची घोडी